डेकला पॉलिश

नवीन शहर उभारणाऱ्या ऑफिसला लाँच कशाला लागते, हा प्रश्न मी नोकरीला लागलो त्या आठवड्यातच विचारला होता. शेजारच्या टेबलावरून उत्तर आलं, "शहर दाखवायला." ते खरंच होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि आमचं शहर वाशीला थोडंसं उभं राहिलं होतं. बाकी बेलापूरपासून पार द्रोणागिरीपर्यंत ते नकाशात होतं. मोटारीतून नेलं तर पाहुण्यांना चिखल, तिवरं आणि मिठागरं फार स्पष्ट दिसत. लाँचमधून नेलं, हातात शहाळं दिलं आणि लांबून बोट दाखवलं की त्याच चिखलावर त्यांना बंदर, गोदामं, बागा असं काहीही दिसू शके. अंतराचा हा उपयोग आमच्या वरिष्ठांनी बरोबर ओळखला होता.

लाँच माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. इंग्रजांच्या वेळी कुठल्याशा दुसऱ्या खात्यासाठी बांधलेली, मग हात बदलत आमच्याकडे आलेली. डेक सगळा सागवानी. आस्थापना शाखेत मी सगळ्यात नवा, म्हणून तिची फाइल माझ्याकडे आली. कुणालाच नको असलेल्या फायली तशाच येतात. समुद्रावरच्या बऱ्याच कादंबऱ्या वाचलेल्या असल्यामुळे मला उगाच आनंद झाला. जहाजाचा सागवानी डेक म्हणजे मधासारखा चकाकणारा, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो राखाडी होता, जुन्या मिठागराच्या फळीसारखा.

लाँच चालवायचे आमचे तांडेल. वय पंचावन्नच्या आसपास, तळवलीकडचे. घरची मिठागरं आणि भातशेती आमच्याच शहरासाठी गेलेली. बदल्यात त्यांना नोकरी मिळाली होती, पण रोजंदारीवर. सहा वर्षं ते रोजंदारीवरच होते. त्यांना कायम करण्याची फाइलही माझ्याकडेच होती. त्यात एकच आडकाठी होती: वयाची अट शिथिल करायला प्रशासन अधिकाऱ्यांची सही हवी. ती झाली नाही तर पुढच्या मार्चला रोजंदारीची मुदत संपत होती आणि तांडेल घरी. घरी म्हणजे कुठे, तर जिथे आता शेतही नव्हतं आणि मीठही नव्हतं.

प्रशासन अधिकाऱ्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणत असू. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना चकाकणाऱ्या गोष्टी आवडत, एवढंच. त्यांच्या टेबलावरच्या काचेत शिपायाला स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

डेकची निगा राखण्याची तांडेलांची पद्धत अगदी साधी होती. रोज भरतीला ते खाडीचं पाणी बादलीने ओढून डेकवर ओतत आणि नारळाच्या अर्ध्या सोडणाने घासत. फळ्या लांबीला उभ्या; हे मात्र आडवे घासत. मी एकदा विचारलं, "उभं घासलं तर लवकर नाही का होणार?"

"लवकर होईल. मंग लवकर डेकच जाईल," ते म्हणाले. "उभा घासला की फलीतला मऊ लाकूड निघून जातो, कडक रेषा तेवढ्या ऱ्हातात. दोन वर्सांत डेक नांगरल्यावानी होतो."

साबण नाही, तेल नाही. चपला धक्क्यावर. खारं पाणीच का, तर फळ्यांवर मीठ राहतं, मीठ ओल धरतं, फळ्या उन्हात आकसत नाहीत आणि सांध्यातलं डांबर फुटत नाही. "मीठ पानी धरतं ही गोस्ट आमाला सांगायला नको," असं ते हसून म्हणाले होते. राखाडी रंगाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "तो मेलेला रंग नाय, भाऊसाहेब. तो त्याचा अंगरखा हाय. आत लाकूड तसाच हाय."

त्या जानेवारीत मोठे पाहुणे यायचे ठरले. दिल्लीचे होते. त्यांच्या एका मानेच्या हलण्यावर आमच्या पुढच्या कित्येक वर्षांचं काम अवलंबून आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं. अशी मान दर वर्षी एक येत असे.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "टेबलं, खुर्च्या, कपाटं, लोकांची नावं लिहिलेल्या फळ्या, सगळं पॉलिश करून घ्या. परिपत्रक काढा." मी मसुदा करायला बसलो. टेबलं, खुर्च्या, कपाटं ही यादी मला गबाळी वाटली. मराठी लिहिण्याचा मला तेव्हा अभिमान होता. मी लिहिलं: "कार्यालयाच्या ताब्यातील सर्व सागवानी वस्तूंना स्पिरिट पॉलिश करून घ्यावे." एका ओळीत सगळं आलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "वा. आटोपशीर." मी दिवसभर खूश होतो.

जाता जाता मी तांडेलांच्या फाइलची आठवण करून दिली. साहेब म्हणाले, "पाहणी नीट पार पडू दे. मग करतो. लाँचवर गडबड झाली नाही म्हणजे मिळवली."

पॉलिशवाली दोन माणसं आली आणि तीन दिवस ऑफिसभर स्पिरिटचा वास भरला. भांडारातल्या नोंदवहीवर बोट ठेवून ती एकेक वस्तू घेत चालली होती. टेबल, सागवानी. कपाट, सागवानी. खुर्ची, सागवानी. पाहणीच्या आदल्या दिवशी वहीत पुढची नोंद आली: लाँच, सागवानी, एक. त्यांनी डबे उचलले आणि धक्क्यावर गेली. ती माणसं फर्निचरची होती, त्यांनी कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. त्यांच्या हातात माझा कागद होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तांडेल ऑफिसात आले. सवयीने चपला दाराबाहेर काढून.

"भाऊसाहेब, दोन मानसं डेकला पालिस करतायत."

"करू द्या ना."

"डेकला पालिस करत नाय."

"का?"

"पानी पडला की लोनी. पाय ऱ्हात नाय. घरातल्या कपाटावर कोन चालत नाय, म्हनून चालतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या कोन पडला तर नाव कोनाचं?"

मला सगळं समजलं होतं. परिपत्रकातली ओळही डोळ्यांसमोर आली होती. ती माझी आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मी म्हणालो, "तांडेल, कागद निघालाय. आता थांबवायचं तर साहेबांना सांगावं लागेल की कागद चुकला. तुमची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे. एक दिवस सोसा."

"बरं," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. त्यांनी वाद घातला असता तर मी थोडा हलका झालो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी धक्क्यावर पोचलो. माझं तिथे काही काम नव्हतं. शहाळी मोजून घ्यायची आहेत, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ओहोटी होती. धक्क्याच्या पायऱ्या तळापर्यंत उघड्या पडल्या होत्या. तांडेल वरच्या पायरीवर उकिडवे बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी, डोक्यावरची टोपली उतरवून. बाजाराला निघाल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या होत्या.

मी डेककडे पाहिलं. रात्रभर दव पडलं होतं. पॉलिशने ते प्यायलं होतं आणि सगळा डेक पांढुरका झाला होता, ताकाचं पातेलं लवंडल्यासारखा. मधे मधे काल केलेली चकाकी तशीच होती. मी खात्री करायला पाय टाकला. बुटासकट. दुसरा पाय टाकायची वेळच आली नाही. मी सपशेल आडवा झालो, कोपर खाडकन आपटलं आणि घसरत पार कठड्याला जाऊन थांबलो.

वरून बाईंचा आवाज आला. "चला, एक पाहुना तर उतरला."

तांडेल हसले नाहीत. त्यांनी मला हात दिला आणि म्हणाले, "साडेअकराला निघायचं. तवर वरून चौथी पायरी बुडते, मंग लाँच वळते. साहेब पाहुन्यांना घेऊन कधी येनार?"

"अकरा."

"मंग सांगा."

"काय सांगू?"

"ठेवायचा का काढायचा. ठेवला तर कोनतरी पडनार. काढला तर साहेबांचा हुकूम मोडला. मी रोजंदारीवरचा. मी माझ्या मनाने काढला तर उद्या घरी. तुमी सांगितलंत तर काढतो."

ऑफिसला फोन करायचा तर बांधावरून वीस मिनिटं चालत चौकीपर्यंत जायचं. आणि साहेब तर पाहुण्यांना आणायला कधीचेच मुंबईला गेले होते. म्हणजे विचारायला वर कुणीच नव्हतं. नोकरीत असं क्वचित घडतं, आणि घडलं की माणूस भांबावतो. मी गालिचा टाकायचं सुचवलं. तांडेल म्हणाले, "लोन्यावर चटई." मी म्हणालो, पुसून कोरडं ठेवू. त्यांनी खाडीकडे बोट केलं. पाणी अंगावर न उडवता खाडीतून नेईल असा तांडेल अजून जन्मला नव्हता.

खालची पायरी ओली झाली. भरती लागली होती.

"काढा," मी म्हणालो.

"सांगितलंत ना?"

"सांगितलं."

लेखी देतो, असं मी म्हणालो नाही. ते मला तेव्हाही सुचलं होतं. तोंडी सांगितलेलं नंतर सांगितलं नव्हतं असं म्हणता येतं, हा विचार माझ्या डोक्यात स्वच्छ येऊन गेला. ते त्यांनाही माहीत असणार. तरी ते उठले.

पॉलिशवाले काल उरलेला स्पिरिटचा अर्धा डबा लाँचवरच ठेवून गेले होते. तांडेलांनी कानावरची विडी काढून धक्क्यावर ठेवली, फडकी भिजवली, एक मला दिलं. मी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. स्पिरिटने पॉलिश सुटायचं, पण जायचं नाही. चिकट होऊन फडक्याबरोबर फिरत राहायचं. तासाभराने डेक आधीपेक्षा वाईट दिसत होता आणि पाच पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या.

"असा नाय जायचा," बाई म्हणाल्या. त्यांनी टोपली ओल्या फडक्याने झाकली आणि बांधाजवळच्या चहाच्या झोपडीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा डोक्यावर वाफाळतं पातेलं होतं. त्यात धुण्याचा सोडा. तो ओतला आणि पॉलिश फेसासारखं उचललं गेलं. आम्ही तिघं सोडणं घेऊन भिडलो. मी घाईने उभं घासायला लागलो तर तांडेलांनी माझं मनगट धरलं आणि आडवं फिरवलं.

बाई घासता घासता म्हणाल्या, "बरा हाय तुमचा. लिवनारे तुमी, घासनारे आमी."

"ते लिवलं कोनी होतं पन?" त्यांनी पुढे विचारलं.

"मीच," मी म्हणालो.

तिघांचीही सोडणं क्षणभर थांबली. मग तांडेलांचं आधी सुरू झालं. "हात चालवा," ते म्हणाले. "पानी थांबत नाय."

साडेनऊला बहुतेक पॉलिश गेलं होतं आणि डेक काळाकुट्ट झाला होता. सोड्याने साग काळा पडतो, हे मला माहीत नव्हतं. फळ्या चहाचा चोथा पसरल्यासारख्या दिसत होत्या. राखाडी होता तो चालला असता, चकचकीत होता तोही चालला असता. हा रंग कुठल्याच परिपत्रकात बसत नव्हता. मी खाली बसलो. तांडेलांना कायम करण्याची फाइल मला डोळ्यांपुढे दिसत होती. तिच्यावरचा शेरासुद्धा दिसत होता.

"बसले काय," बाई म्हणाल्या. "तांब्याची भांडी कशानं घासता घरी? का ती पन कागदानं?"

त्यांनी टोपलीच्या कडेच्या पुडीतून चिंचेचा गोळा काढला. कालवणाची चिंच. ती बादलीत कुस्करली आणि पाणी पसरलं. आधी काहीच झालं नाही. मग जिथे पाणी गेलं तिथे काळं फिकट व्हायला लागलं आणि खालून लाकूड वर आलं. पिवळसर, उघडं, नुकत्याच केस कापलेल्या माणसासारखं जरा ओशाळलेलं. मी इतकी वर्षं पुस्तकातून ज्याचा विचार करत होतो तो मधाचा रंग हाच, आणि तो कुणी चढवलेला नव्हता.

पण चिंच एकच गोळा होती. डेकच्या मागच्या टोकाला, सुकाणूजवळ, दोन हात रुंदीची पट्टी राहिली. तिथपर्यंत स्पिरिटही पोचलं नव्हतं आणि सोडाही पुरला नव्हता. पॉलिश तसंच होतं. वरून सहावी पायरी बुडत होती. तांडेलांनी सगळ्या डेकवर खाऱ्या पाण्याच्या बादल्या मारल्या, मग त्या पट्टीवर जाड दोराचं वेटोळं टाकलं, पुढे एक खुर्ची आडवी लावली आणि म्हणाले, "इकडं कोनी यायचं नाय."

अकराला पाच मिनिटं असताना साहेबांची गाडी आली, पाहुण्यांच्या पुढे. सोबत एक शिपाई. साहेब धक्क्याच्या कडेला उभे राहिले. त्यांनी डेक पाहिला, मला पाहिलं: अनवाणी, ओला, गुडघ्यापर्यंत पँट.

"पॉलिश कुठे गेलं?"

"रात्री दव पडलं, साहेब. पांढरं झालं होतं."

"दवाने पॉलिश जातं? माझ्या घरचं कपाट वीस वर्षं आहे."

"तुमचा कपाट खाडीत नसतो," बाई टोपली उचलत म्हणाल्या.

"ही कोण?"

"आमची मंडली," तांडेल म्हणाले.

साहेबांनी आवाज चढवला नाही. तेच जास्त भीतीदायक होतं. त्यांनी तांडेलांकडे पाहून विचारलं, "काढायला कुणी सांगितलं?"

तांडेल पाण्याकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, मुद्दामच पाहिलं नाही. त्यांचे ओठ हलले आणि ते 'आमीच' म्हणणार हे मला कळलं. माझ्या अंगात शौर्य वगैरे संचारलं नाही. बाई चिंचेने लाल झालेली बोटं लुगड्याला पुसत माझ्याकडे बघत होत्या, एवढंच.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"हो साहेब. परिपत्रकाचा मसुदाही माझाच होता. चूक तिथेच झाली."

"परिपत्रकावर सही माझी आहे," साहेब म्हणाले. हे कबुलीसारखं वाटेल, पण ते धमकीसारखं बोलले. "बघतो नंतर. तुमचं दोघांचंही." तेवढ्यात पाहुण्यांची मोटार बांधावर दिसली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, दिवा लावल्यासारखं.

पाहुणे शांत, थकलेले गृहस्थ होते. डेककडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ज्या लाकडासाठी आमचा जीव गेला होता त्यावरून ते कातडी तळव्याच्या बुटांनी चालत गेले, घसरले नाहीत, आणि खुर्चीवर बसले. माणूस न घसरता चालतो याचं श्रेय कुणी कुणाला देत नाही. चौथी पायरी बुडाली. तांडेलांनी लाँच सोडली.

खाडीत वारा होता. पाणी उडत होतं. साहेब उभे राहून शहर दाखवू लागले. इथे बंदर, तिथे रेल्वे, पलीकडे द्रोणागिरी. त्यांना ते तोंडपाठ होतं आणि मला वाटतं ते त्यांना खरंच दिसतही होतं. मी पुढच्या टोकाला शहाळी फोडत होतो. मागे वळून पाहिलं आणि सुरी हातातच राहिली.

मागच्या पट्टीवर ना दोर होता ना खुर्ची. तांडेलांचं लक्ष पाण्याकडे असताना शिपायाने दोर गबाळा दिसतो म्हणून गुंडाळून आत टाकला होता आणि खुर्ची पाहुण्यांबरोबर आलेल्या गृहस्थांना दिली होती. पट्टी उघडी, ओली, चकचकीत. आणि साहेब, तोंड पाहुण्यांकडे ठेवून, हात पसरून, एकेक पाऊल मागे मागे जात होते. पूर्ण शहर हातांच्या कवेत यावं म्हणून.

तांडेल सुकाणूचा दांडा धरून उभे होते. खोल पाण्याची वाट तिथे अरुंद होती, दोन्हीकडे चिखल. दांडा सोडला असता तर लाँच चिखलात बसली असती, पाहुण्यांसकट, पुढच्या भरतीपर्यंत.

"साहेब! मागं नको!"

तो आवाज माणसांसाठी नव्हता, होड्यांसाठी होता. पाहुणे दचकले. साहेबांच्या कपाळावर आठी आली. बोलताना मधे बोललेलं त्यांना खपत नसे. ते मागे न बघता म्हणाले, "एक मिनिट, तांडेल," आणि पाऊल टाकलं.

पाय गेला. हात अजून शहरावर पसरलेलेच होते. ते पाठीने कठड्यावर आदळले, कठडा गुडघ्याएवढा, आणि अर्धे बाहेर गेले. तांडेलांनी एक पाय दांड्यावर रोवला, कमरेतून वाकून उजव्या हाताने कोटाची मागची बाजू पकडली आणि तसेच राहिले. कोट उसवल्याचा आवाज मला पुढच्या टोकाला ऐकू आला. शिपाई जागचा हलला नाही. मी धावलो आणि, अनवाणी होतो म्हणून, पोचलो. दोघांनी मिळून साहेबांना आत ओढलं. लाँचने तोवर नाक चिखलाकडे वळवलं होतं. तांडेलांनी पायानेच दांडा लोटून ते परत आणलं.

साहेबांचा एक बूट खाडीत पडला होता. चांगला चकचकीत बूट. तो थोडा वेळ तरंगला, मग बंदराच्या नियोजित जागेकडे निघून गेला.

पाहुण्यांनी त्या दिवसातला पहिला खरा प्रश्न विचारला. "इथे नेहमीच असं निसरडं असतं का?"

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तांडेलांच्याही असणार. साहेबांनी आम्हा दोघांकडे पाहिलं.

"नाही," साहेब म्हणाले. "फक्त एवढीच पट्टी." आणि एका मोज्यावर उभं राहून त्यांनी उरलेलं शहर दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. टेबलावर तांडेलांची फाइल होती. माझं कोपर सुजलं होतं, साहेबांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता.

"ती पट्टी का राहिली?"

"वेळ पुरला नाही, साहेब. सोडा संपला, चिंच संपली."

"चिंच." त्यांनी डाव्या हाताने फाइल उघडली. "सगळाच डेक तसा राहिला असता तर?"

पाहुण्यांचे कातडी बूट आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे होते.

"कालच्या प्रकाराबद्दल कुठे काही लिहायचं नाही," ते म्हणाले. "अहवालात पाहणी यशस्वी झाली एवढंच येईल."

"हो साहेब." मग मी म्हणालो, "पण तांडेलांच्या फाइलवर कारण लिहावं लागेल. वयाची अट कशासाठी शिथिल केली ते."

त्यांनी मान वर केली. मी काय विकतो आहे, हे ते पाहत होते. मला स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं. "काय लिहाल?"

"नौकेच्या लाकडी भागाची देखभाल उत्कृष्ट."

"एवढंच?"

"एवढंच, साहेब."

त्यांनी डाव्या हाताने सही केली. वाकडी, पण त्यांचीच. फाइल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "ते परिपत्रकही बदलून आणा." मी बदललं. नवीन वाक्यात टेबलं, खुर्च्या आणि कपाटं अशी गबाळी यादी होती.

त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात शेरा आला, 'अधिकाराबाहेर जाऊन निर्णय घेण्याची प्रवृत्ती'. त्यामुळे माझी बढती तीन वर्षं लांबली. शेरा खोटा होता. माझी अशी प्रवृत्ती त्यापूर्वी कधी नव्हती आणि नंतरही फारशी दिसली नाही.

ऑर्डर द्यायला मी स्वतः धक्क्यावर गेलो. भरती होती. तांडेल आणि त्यांच्या मंडळी मागची पट्टी साफ करत होते. या वेळी चिंच पुरेशी होती. तांडेलांनी हात पुसून कागद घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला, आणि बाईंकडे दिला. त्या अक्षर जाणत नव्हत्या, पण शिक्क्यावरून बोट फिरवून म्हणाल्या, "हा कोनी लिवला?"

"मीच."

"मंग नीट वाचून दाखवा. तुमचा काय भरोसा."

मी वाचून दाखवला, दोनदा. त्यांनी तो घडी करून टोपलीत, चिंचेच्या पुडीशेजारी ठेवला. तांडेलांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी बूट काढून धक्क्यावर ठेवले आणि डेकवर उतरलो. त्यांनी एक सोडण माझ्याकडे टाकलं आणि स्वतः बादली भरायला वाकले. मी घासायला लागलो.

"आडवा," ते पाठमोरेच म्हणाले.

मी आडवंच घासत होतो.